पक्की आडत, कच्ची जबाबदारी

महेश्वर इंदूरहून जेमतेम नव्वद किलोमीटरवर आहे. तरीही गेल्या श्रावणात, सुनेच्या पहिल्या मंगळागौरीसाठी, इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या आमच्या मावशीने महेश्वरी साडी मागवली ती फोनवरच्या एका ॲपवरून. गुडघ्यांमुळे तिला बाजारात जाणे जमत नाही, मुलाला सवड नसते, आणि ॲपवर तर ‘अस्सल महेश्वरी, हातमाग, रेशीम-सुती’ असे स्वच्छ लिहिलेले होते. किंमत १,२९९ रुपये. पाचव्या दिवशी पार्सल आले. मावशीने पदर उलगडला नाही की रंग उजेडात नेऊन पाहिला नाही. तिने काठ चिमटीत धरला आणि उलटा केला. महेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, त्यामुळे ती साडी कोणत्याही बाजूने नेसता येते, हे तिला तिच्या आईच्या साडीवरून ठाऊक होते. या काठाची उलटी बाजू पांढरट आणि कोरी होती. सुलट बाजूला जे विणकाम भासत होते तो छापा होता, आणि कापड हाताला चिकटणारे सिंथेटिक. मंगळागौर दुसऱ्या साडीवर पार पडली, पण त्या पार्सलावरून घरात आणि ओळखीच्या मराठी मंडळींत जो वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही, आणि तो ज्या रीतीने घातला जातो आहे ती रीत मला साफ चुकीची वाटते.

वादात दोन पक्ष पडले. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, इतक्या पैशांत अस्सल महेश्वरी मिळेलच कशी, मावशीने रेटिंग पाहिले होते का, विक्रेत्याचे नाव पाहिले होते का, परतीच्या अटी वाचल्या होत्या का? वयस्कर मंडळींचे म्हणणे असे की, सीतलामाता बाजार आणि क्लॉथ मार्केट असलेल्या गावात राहून फोनवर साडी घेणाऱ्याला दुसरे काय मिळणार? वरवर पाहता ही दोन टोके आहेत, पण दोघांच्या पिंजऱ्यात उभी आहे ती एकटी मावशीच. एक पक्ष म्हणतो तिने नीट पाहिले नाही, दुसरा म्हणतो तिने तिकडे पाहायलाच नको होते. खोटे वर्णन लिहिणारा विक्रेता आणि ते वर्णन आपल्या दर्शनी भागात मांडून दर विक्रीमागे आपला हिस्सा घेणारा प्लॅटफॉर्म, यांच्याबद्दल आठवडाभरात कोणी दोन वाक्ये बोलले असेल तर शपथ. खरेदी पडद्यावरून करावी की ओट्यावरून, आणि ग्राहक किती हुशार असावा, हे दोन्ही प्रश्न माझ्या मते दुय्यम आहेत. मूळ प्रश्न आहे तो सौद्याला जामीन कोण, हा. आणि ज्याने बाजार मांडला, ज्याच्या हातून पैसे गेले आणि ज्याने त्या पैशांतून आपला वाटा कापून घेतला, तोच जामीन असला पाहिजे, एवढे मला मांडायचे आहे.

हे म्हणणे नवीन नाही. इंदूरच्या बाजाराला ते शंभर वर्षांपूर्वीही कळत होते. माझे आजोबा महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या एका आडतीच्या पेढीवर मुनीम होते. त्यांच्या बोलण्यात दोन शब्द वारंवार यायचे, कच्ची आडत आणि पक्की आडत. कच्चा आडत्या हा निव्वळ मध्यस्थ. तो गिऱ्हाइकाची आणि व्यापाऱ्याची गाठ घालून देतो, आपली दलाली घेतो, आणि पुढे सौदा फिसकटला तर ते दोघे पाहून घेतात. पक्का आडत्या गिऱ्हाइकापुढे स्वतः उभा राहतो. समोरचा व्यापारी बुडाला, पळाला किंवा फिरला, तरी सौदा पुरा करण्याची जोखीम पक्क्या आडत्याची. गिऱ्हाइकाला समोरच्याचे नावही माहीत असण्याची गरज नाही. अफू, कापूस आणि गळिताच्या धान्यांच्या सौद्यांत दूरदूरच्या गावचे लोक मुंबईच्या पेढ्यांमार्फत या रिवाजावर व्यवहार करत. १९०५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या रिवाजाची छाननी करून तो मान्य केला आणि पुढे प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही, त्यावर मोहोर उमटवली. अर्थात पक्क्या आडत्याची आडत जास्त असे, कारण त्याची जोखीम जास्त असे. कोणी पक्क्याची आडत घेऊन कच्च्याचे हात वर करू लागला असता, तर त्याची पेढी दुसऱ्या दिवाळीचे वहीपूजन पाहती ना.

आजचा प्लॅटफॉर्म नेमके हेच करतो. कोणता माल वर दिसेल आणि कोणता चौथ्या पानावर पडेल हे तो ठरवतो, वर दिसण्यासाठी विक्रेत्याकडून जाहिरातीचे पैसे वेगळे घेतो, अनेकदा माल आपल्याच गोदामात ठेवतो, आपल्या नावाच्या चिकटपट्टीने खोके बंद करतो आणि आपल्याच डिलिव्हरीवाल्याच्या हाती पाठवतो. ग्राहकाचे पैसे आधी त्याच्याकडे जमा होतात आणि काही दिवसांनी, आपला वाटा कापून, तो ते विक्रेत्याला देतो. मावशीला विचारले की साडी कोणाकडून घेतली, तर ती ॲपचे नाव सांगते. विक्रेत्याचे नाव तिला आजही आठवत नाही. इथपर्यंत सारे पक्क्या आडतीसारखे आहे. तक्रार आली की मात्र हाच प्लॅटफॉर्म म्हणतो, आम्ही केवळ दुवा आहोत, माल विक्रेत्याचा, वर्णन विक्रेत्याचे, आपण विक्रेत्याशी संपर्क साधावा. त्याच्या मदतीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम येते, जे मध्यस्थाला दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून मोकळे ठेवते. हे कलम निरोप पोचवणाऱ्यासाठी समजण्यासारखे आहे. माल मांडून, पैसे वसूल करून, गठ्ठा बांधून पाठवणाऱ्याला ते कितपत लागू व्हावे? दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१८ मध्ये, परदेशी पादत्राणांच्या एका प्रकरणात, विक्रीत सक्रिय सहभाग असलेल्या संकेतस्थळाला निव्वळ मध्यस्थाचे कवच मिळू नये अशी दिशा दाखवली होती. २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने दुसऱ्या प्रकरणात प्लॅटफॉर्मच्या बाजूने कौल दिला. न्यायालयेच जिथे एकमताने बोलत नाहीत, तिथे मावशीने परतीच्या अटी वाचून काय कळणार होते, हे तरुण मंडळींनी एकदा सांगावे.

न पाहता, लांबून वस्तू मागवण्याचा प्रकार मोबाइलबरोबर जन्मला, अशीही एक समजूत या वादात दिसते. टपालखात्याने व्ही. पी. पी. सुरू केली ती १८७७ मध्ये. जाहिरात वाचून पत्र टाकायचे, पोस्टमनने पार्सल आणले की पैसे मोजायचे आणि मग खोके उघडायचे. आजच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’हून यात वेगळे काय होते? फसवणूकही तीच होती. घड्याळाच्या जागी वीट निघाल्याच्या गोष्टी आमच्या आजीच्या पिढीने ऐकल्या आहेत. पण पाहण्यासारखे आहे ते सरकारने यावर काय केले ते. १८९८ च्या टपाल कायद्याच्या ३५ व्या कलमात नियम करण्याचे जे अधिकार दिले होते, त्यांत पाठवणाऱ्याने ‘हे पार्सल खऱ्या मागणीवरूनच पाठवत आहे’ असे लिहून देण्याची अट घालता येत होती, आणि लबाडी आढळली तर वसूल झालेली रक्कम अडवून ठेवून ती पार्सल घेणाऱ्याला परत करण्याची तरतूदही होती. टपालखाते काही माल विकत नव्हते. ते खरोखरच नुसते वाहक होते, आणि पोस्टमनच्या हमालीपलीकडे त्याला त्यात फारसे मिळतही नव्हते. तरीही परक्या सरकारच्या कायद्याला एवढे सुचले की, ज्याच्या हातात पैसे आहेत त्याला ते अडवता आले पाहिजेत. सव्वाशे वर्षांनंतर, पोस्टमनपेक्षा कितीतरी अधिक जाणणाऱ्या आणि कितीतरी अधिक कमावणाऱ्या कंपन्यांकडून आपण तेवढीही अपेक्षा ठेवू नये काय?

आता विरोधी बाजूचे जे खरे आहे ते मान्य करतो. ग्राहकाला लोभ सुटतो, हे खरे आहे. महेश्वरीची किंमत ज्याला माहीत आहे त्याने १,२९९ हा आकडा पाहून थबकायला हवे होते, आणि मावशीही हे आता कबूल करते. दहा हजारांचा फोन दोन हजारांत मागवणाऱ्यांची कणव मलाही फारशी येत नाही. पण लोभाचा हा मुद्दा पुढे किती ताणायचा? सराफ्यात सोने घेताना पूर्वी गिऱ्हाइकाने कस लावून घ्यावा, ओळखीचा सराफ गाठावा, नाहीतर नशिबाला दोष द्यावा, अशीच रीत होती. कित्येक पिढ्यांच्या पाटल्या मोडीला काढल्यावर घट निघाली तेव्हा ‘तुमच्या आजीने नीट पाहिले नाही’ असेच ऐकवले गेले. मग हॉलमार्क आला, जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आज कोणी म्हणत नाही की बायकांनी पर्समध्ये कसोटीचा दगड बाळगावा. सोन्याचा कस ग्राहकाला कळत नाही, तो विकणाऱ्याने सिद्ध करावा, हे आपण मान्य केले. मग कापडाचा कस छायाचित्रावरून ओळखण्याची अपेक्षा साठीच्या बाईकडून कशी करतो? तिला काठ उलटा करून पाहण्याएवढी विद्या होती. फोनच्या पडद्यावर काठ उलटा करता येत नाही.

‘रेटिंग पाहिले का’ हा प्रश्न तर मला या साऱ्या वादातला सर्वांत भाबडा वाटतो. मावशीने ते पाहिले होते. चार तारे आणि खाली ‘सुंदर साडी, रंग छान’ असे ढीगभर अभिप्राय. त्यातले काही नीट वाचले तेव्हा लक्षात आले की ते उशांच्या अभ्ऱ्यांबद्दल आहेत. जुन्या, चांगल्या खपाच्या वस्तूचे पान ठेवायचे, वरचे छायाचित्र आणि नाव बदलायचे, की साठलेले तारे नव्या मालाला आयते मिळतात. याशिवाय पैसे देऊन अभिप्राय लिहवून घेणे हा तर स्वतंत्र धंदा झाला आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले, पण ते पाळणे ऐच्छिक ठेवले. ज्या तराजूची तपासणी ऐच्छिक आहे, त्या तराजूवर विश्वास ठेवला नाही म्हणून गिऱ्हाइकाला बोल लावण्यात मला अर्थ दिसत नाही. आणि ठेवला म्हणून लावण्यात तर मुळीच नाही.

दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे ‘बाजारात जा’ म्हणणाऱ्यांचे, म्हणणे मला भावनेने पटते. दुकानदाराने गादीवर साड्यांचा ढीग घालावा, चहा मागवावा आणि दीड तासाने आपण पहिलीच साडी घ्यावी, या सुखाला तोड नाही. पण ओट्यावरचा व्यापारी सचोटीचा आणि पडद्यावरचा लबाड, ही विभागणी कोणत्या अनुभवावर उभी आहे? यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकण्याची कला ॲपने शोधलेली नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी कित्येक दुकानांत गणपतीच्या तसबिरीशेजारी अजून लटकते आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, अथवा मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे त्या पाटीखाली बसलेल्या शेटजींना कोणी सांगत नाही. बाजाराचा खरा गुण वेगळाच आहे. दुकानदार उद्या त्याच जागी सापडतो. साडी घेऊन परत गेले तर तो कुरकुर करील, भांडेल, पण त्याला ओटा सोडून पळता येत नाही, आणि त्याच्या शेजारचे चार दुकानदार कान देऊन ऐकत असतात. मराठेशाहीत पेठ वसवताना शेटे आणि महाजन नेमले जात, पेठेकडून त्यांना हक्क मिळत आणि पेठेचा व्यवहार सुरळीत ठेवण्याचे काम त्यांच्याकडे असे, त्यामागचा विचार हाच होता. पेठेचे उत्पन्न खाणाऱ्याने पेठेतल्या तंट्यांकडे पाठ फिरवावी, ही कल्पना त्या काळच्या लोकांना सुचली नसती. ॲपनेही एक पेठच वसवली आहे. तिथला दुकानदार रातोरात नाव बदलून समोरच्या गल्लीत नवे दुकान उघडू शकतो, आणि पेठेचा मालक त्याच्याकडूनही तितकाच हक्क घेतो, हा फरक आहे.

कायदा आहे, तक्रार का करत नाही, असे म्हणणारे एक वकील स्नेही भेटले. त्यांचे म्हणणे वजनदार आहे, कारण कायदा खरोखर चांगला आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या आयोगाकडे दाद मागता येते. मावशीला सुरतेला किंवा दिल्लीला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण बंधनकारक केले, विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि संपर्क दाखवणेही बंधनकारक केले. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. हे सगळे असूनही १,२९९ रुपयांसाठी कोण वकिलाकडे जाईल, कोण तारखांना उभे राहील? लबाडाचा सारा हिशेब याच प्रश्नाच्या उत्तरावर बसवलेला असतो. एकाला लाखाने फसवले तर तो शेवटपर्यंत पाठ धरतो. हजार जणांना हजार-हजार रुपयांनी फसवले तर नऊशे नव्वद जण ‘जाऊ दे’ म्हणतात. शिवाय पुराव्याचे ओझे कुठे सरकले आहे पाहा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढला नसेल तर तक्रार घेणार नाही, अशी अट आता विक्रेते सर्रास घालतात. क्लॉथ मार्केटातून साडी आणताना कधी कोणी साक्षीदार सोबत नेला होता? परतीसाठी माणूस येणार म्हणून मावशी दोन दिवस दाराशी कान लावून बसली. दोन्ही दिवशी संध्याकाळी ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ असा संदेश आला. तिने मग इंटरनेटवर शोधून मदत क्रमांक लावला, तर पलीकडच्या गोड आवाजाच्या माणसाने एक ॲप उतरवून घ्यायला सांगितले. नशिबाने मुलगा तेवढ्यात घरी आला आणि त्याने फोन हिसकावून घेतला, नाहीतर साडीबरोबर खातेही रिकामे झाले असते. एकदा फसलेल्याला पुन्हा गाठणारी अशी टोळी वेगळीच असते.

आणि २०२० च्या त्याच ई-कॉमर्स नियमांतली एक बारीक गोष्ट वकील स्नेह्यांच्या नजरेतून सुटली होती. स्वामित्वहक्क, व्यापारचिन्ह वगैरे कायद्यांखाली ज्यांचा माल पुन्हा पुन्हा उतरवावा लागला अशा विक्रेत्यांची नोंद प्लॅटफॉर्मने ठेवावी, असे नियम सांगतो. पण लगेच पुढे म्हणतो की अशा विक्रेत्याला बाहेर काढण्याची सक्ती प्लॅटफॉर्मवर नाही, हवे तर त्याने स्वेच्छेने काढावे. चोरांची यादी ठेवा, पण चोराला वाड्यात राहू द्यायचे की नाही ते तुमच्या मर्जीवर.

शिक्षेचे काय होते? त्याचेही एक उदाहरण नोंदलेले आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या प्लॅटफॉर्मला, मानकांत न बसणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल, दोषी ठरवले. असे २,२६५ कुकर विकले गेले होते आणि त्यांवर प्लॅटफॉर्मने ६ लाख १४ हजार रुपयांहून अधिक शुल्क कमावले होते. कंपनीने नेहमीप्रमाणे आपण मध्यस्थ असल्याचे सांगितले. प्राधिकरणाने विचारले की प्रत्येक विक्रीवर कमाई केल्यावर अंग कसे काढता येईल. इथपर्यंत आदेश उत्तम. दंड किती, तर एक लाख. कंपनी या आदेशाविरुद्ध न्यायालयात गेली, तो भाग वेगळा. सहा लाख मिळवून एक लाख दंड भरायचा असेल, तर व्यापारात दंडाला खर्च म्हणतात. तरीही याच आदेशातली एक ओळ मला फार मोलाची वाटते: सर्वच्या सर्व २,२६५ ग्राहकांना कळवा, माल परत घ्या आणि पैसे द्या. त्या ओळीकडे पुन्हा येतो.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याने मला स्वतःला अडखळवले. प्लॅटफॉर्मला जामीन केले की तो जोखीम कमी करण्यासाठी लहान विक्रेत्यांना दारातच अडवील; कागदपत्रे, अनामती, तपासण्या यांचा भार बड्या व्यापाऱ्याला पेलेल, महेश्वरच्या विणकराला किंवा घरी भाजणीची पिठे करणाऱ्या बाईला पेलणार नाही. शिवाय ग्राहकही धुतल्या तांदळाचे नसतात. लग्नात नेसून, परफ्यूमच्या वासासकट साडी परत पाठवणारे आणि चांगली वस्तू ठेवून जुनी खोक्यात भरणारे महाभाग आपल्याच नात्यागोत्यात आहेत, आणि त्यांचा फटका लहान विक्रेत्यालाच बसतो. हे सगळे खरे आहे. पण नकली महेश्वरीने सर्वांत जास्त कोणाला लुटले, याचा विचार करा. मावशीचे १,२९९ रुपये गेले. जो विणकर मागावर बसून दिवसेंदिवस एक साडी विणतो, त्याच्या कसबाला बाजाराने १,२९९ ही किंमत लावली, आणि ती पाहून पुढचे गिऱ्हाईक त्याच्या दारात येऊन ‘ऑनलाइन तर तेराशेला मिळते’ म्हणाले. महेश्वरीला भौगोलिक निर्देशांक (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा नोंदलेला हक्क) आहे, आणि तो खोटा लावून माल विकणाऱ्याला १९९९ च्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. ॲपवर ‘महेश्वरी’ शब्द टाइप करणाऱ्या विक्रेत्याला, त्या निर्देशांकाचा वापर करण्याची नोंद तुझ्याकडे आहे का, एवढा एक प्रश्न प्लॅटफॉर्मने विचारला तर विणकराच्या वाटेत कोणता काटा येतो? उलट त्याच्या वाटेतले काटे निघतात. ओळख पटवणे म्हणजे लहानांना छळणे, हे समीकरणही बरोबर नाही. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीतून सूट आहे, पण त्यांनाही पॅनवर आधारित एक क्रमांक घ्यावाच लागतो. कराच्या बाबतीत विक्रेत्याची ओळख सरकारला इतकी सोपी करून घेता आली, तर ग्राहकाच्या बाबतीत ती अचानक अवघड का होते?

जामीन म्हणजे पहिला गुन्हेगार नव्हे, हेही या घाबरवणुकीत विसरले जाते. विक्रेता सापडला आणि त्याने पैसे दिले तर प्लॅटफॉर्मचा संबंध नाही. तो सापडला नाही, त्याने दिले नाहीत, त्याचा पत्ता खोटा निघाला, तर प्लॅटफॉर्मने द्यावेत आणि मग आपल्या जोरावर त्याच्याकडून वसूल करावेत. विक्रेत्याचे पुढचे पैसे तसेही त्याच्याच हातात असतात. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने ई-कॉमर्स नियमांच्या दुरुस्तीचा जो मसुदा काढला, त्यात अशीच मागाहून येणारी जबाबदारी सुचवलेली होती. उद्योगांनी ओरड केली आणि मसुदा मसुदाच राहिला. वास्तविक हे तत्त्व आपल्या कायद्याला अनोळखी नाही. सदोष वस्तूमुळे कोणाला इजा झाली आणि ती बनवणारा कोण हे कळलेच नाही, किंवा कळूनही त्याच्यावर नोटीस बजावता आली नाही, तर ती विकणारा जबाबदार ठरतो, असे २०१९ च्या कायद्याचे ८६ वे कलम सांगते. बनवणारा गायब झाला तर विकणारा. मग विकणाराही गायब झाला तर बाजार मांडणारा का नको?

एका ठिकाणी माझा युक्तिवाद तोकडा पडतो, तेही सांगून टाकतो. कोणतेही ॲप मध्ये नसताना, समाजमाध्यमावरच्या पानावर साड्यांचे फोटो टाकून थेट यूपीआयने पैसे घेणारे विक्रेते वाढत आहेत. तिथे आडत्याच नाही, कच्चा की पक्का हा प्रश्न दूरच. आणि यूपीआयने गेलेले पैसे क्षणात पोचतात, ते मध्ये अडवायला पोस्टमनही नाही. क्रेडिट कार्डावर निदान बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते. अशा पानांच्या जाहिराती जे समाजमाध्यम पैसे घेऊन आपल्या डोळ्यांपुढे आणते, त्याने जाहिरातदाराची ओळख पडताळलेली असावी, एवढे मागता येईल. त्यापलीकडे तिथे अजून तरी सावधपणाच कामाचा, आणि त्या मर्यादित प्रदेशात तरुण मंडळींचा उपदेश मला मान्य आहे.

बाकी सगळीकडे एकेकट्या ग्राहकाच्या शहाणपणावर भिस्त ठेवणे हे ज्यांनी आपल्याकडे ग्राहक चळवळ उभी केली त्यांच्या अनुभवाच्या विरुद्ध जाते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्यांनी लोकांना ‘जपून खरेदी करा’ एवढेच सांगितले असते तर १९८६ चा कायदा कधी आला असता? त्यांनी गिऱ्हाइकांना एकत्र केले, कारण विकणारा संघटित आणि घेणारा एकटा, ही त्या व्यवहारातली मूळ खोट त्यांच्या लक्षात आली होती. ॲपने ती खोट आणखी वाढवली आहे, कारण पूर्वी एकाच दुकानात फसलेल्या दोन बायका निदान भाजीबाजारात एकमेकींना भेटत. आज त्याच विक्रेत्याकडून तीच साडी घेतलेल्या शेकडो जणी एकमेकींना ठाऊक नसतात. त्या सगळ्यांची नावे आणि पत्ते ज्याच्याकडे आहेत तो एकटा प्लॅटफॉर्म. म्हणून कुकरच्या आदेशातली ती ओळ मला नियमात हवी आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून वर्णन खोटे ठरले की, तीच वस्तू घेतलेल्या प्रत्येकाला प्लॅटफॉर्मने आपणहून कळवावे आणि पैसे परत करावेत, तक्रार केलेली असो वा नसो. लबाडाचा हिशेब नऊशे नव्वद जणांच्या ‘जाऊ दे’वर बसलेला असतो, तो याच एका नियमाने कोलमडेल.

मावशीने शेवटी १९१५ वर फोन केला. अकराव्या दिवशी १,२९९ रुपये खात्यात आले आणि पाठोपाठ ॲपचा संदेश आला की आपली तक्रार निकाली निघाली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? साडी न्यायला कोणी आले नाही; ती आता शिलाई मशीनवर झाकण म्हणून पडलेली आहे. परवा हा लेख लिहिताना मी त्या ॲपवर ते छायाचित्र पुन्हा शोधले. तीच साडी, खुर्चीच्या पाठीवर तशीच टाकलेली, पदराचा तोच कोपरा दुमडलेला. विक्रेत्याचे नाव वेगळे होते, तारे साडेचार झाले होते आणि किंमत १,१९९ होती.